सीलबंद मशीन

आमच्या कॉलनीत मी ‘कॉम्प्युटरवाली’ झाले, ती कॉम्प्युटरला धड हात लावण्याआधीच. खापरखेड्याच्या वीज केंद्रात माझे बाबा बॉयलरवर कामाला होते आणि कामगारांच्या त्या कॉलनीत बारावीच्या पुढे शिकलेल्या मुली शोधाव्या लागत. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. नोकरी लागत नव्हती, लग्न मला करायचं नव्हतं आणि माझ्या तोंडाला कुणी लागत नव्हतं. अशात बाबांना कुणीतरी सांगितलं की आता जमाना कॉम्प्युटरचा आला आहे, धरमपेठेत एक क्लास निघाला आहे, पोरीला तिथे घाला. बाबांनी घातलं. एकोणीसशे ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

क्लास एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होता. काचेची खोली, आत थंडगार हवा आणि दाराशी पाटी की चपला बाहेर काढाव्यात, कारण मशीनला धूळ चालत नाही. माझ्या टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत आमच्या चिमणीची राख कायमची जाऊन बसलेली होती. दगडाने घासा, साबणाने घासा, ती निघत नसे. बाकीच्या मुली गुळगुळीत पायांनी त्या गालिच्यावरून फिरायच्या आणि मी सलवार टाचेखाली ओढत, भिंतीच्या कडेकडेने माझ्या जागेवर जायची. सहा महिने मी त्या खोलीत कॉम्प्युटरपेक्षा जास्त माझ्या टाचांकडे पाहिलं असेल.

मशीन दोनच होत्या आणि शिकणारे वर्गभर. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, सरांनी तो तपासायचा आणि पाळी आली की टाइप करून पाहायचा. माझी पाळी आली की नेमकी लाइट जायची. सगळ्या नागपूरला पुरवायची ती वीज आमच्या उशाशी तयार व्हायची आणि धरमपेठेत माझ्याच वेळेला दगा द्यायची, याचा मला फार राग यायचा. तरी सर्टिफिकेट मिळालं. त्या पौर्णिमेला कॉलनीच्या विहारात माझा सत्कार झाला, गुलाबाचं फूल, टाळ्या, बायांनी माझ्या आईला केलेलं कौतुक. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय मी होते, आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं. फूल हातात धरून उभी असताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग समितीने ठरवलं की विहाराला लागून जी अभ्यासिका आहे, तिच्यात कॉलनीतल्या मुलामुलींसाठी एक कॉम्प्युटर घ्यायचा. वर्गणी झाली. निवडायचा कुणी, हा प्रश्नच नव्हता. आपली पोरगी शिकली आहे ना, असं सगळे म्हणाले. त्या बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली, म्हणजे ती कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांना कळली. माझ्यामागे कॉलनीतल्या तीन मुली त्या क्लासला जायला निघाल्या होत्या आणि तिघींचेही वडील म्हणत होते की पहिले इची मशीन चालू द्या, मग पाहू. त्या तिघी मला रस्त्यात दिसल्या की इतक्या आशेने हसायच्या, की मी बाजूच्या गल्लीत वळायची.

खरेदीला बाबा, मी आणि काकाजी असे तिघं निघालो. काकाजी म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. वीज केंद्रातून फिटर म्हणून रिटायर झालेले, उंच, सावळे, कायम पांढरा शर्ट आणि पांढरा पायजमा, दोन्हीला कडक इस्त्री. आमच्या कॉलनीत दुपारी वाळत घातलेला कपडा संध्याकाळी राखाडी होऊन निघायचा, तिथे यांचं पांढरं पांढरंच कसं राहतं, हे कोडं बायांना सुटलेलं नव्हतं. सगळी कॉलनी त्यांना काकाजीच म्हणायची.

माझ्या पर्समध्ये एक फ्लॉपी होती. क्लासच्या सरांनी शेवटी शेवटी आम्हाला एक निराळी सिस्टीम दाखवली होती. सिस्टीम म्हणजे मशीनला जागं करणारा मूळ प्रोग्रॅम. तो नसेल तर मशीन हा नुसता डबा. बाजारात मिळायची ती कंपनीची, आत काय आहे ते झाकलेलं. सरांकडची ही दुसरी मात्र परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजातल्या लोकांनी लिहिली होती आणि कशी लिहिली ते ओळ न् ओळ सोबत देऊन टाकलं होतं. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणाची ना नाही. सरांना ती पुण्याच्या मित्राने दिली आणि सरांनी ती मला भरून दिली. देताना त्यांनी बजावलं होतं की ही सिस्टीम जरा लहरी आहे, दिसायला सारख्या दोन मशीन आतून सारख्या असतीलच असं नाही, तेव्हा ज्या मशीनवर लावून पाहाल तीच उचला, दुसरी नको. मी मान डोलावली होती. खरं सांगायचं तर ती फ्लॉपी मी सोबत घेतली ती दुकानदारासमोर जरा भाव खायला.

दुकान सीताबर्डीवर होतं. तिथेही काच, तिथेही चपला बाहेर. बाबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते मला दारातच दिसलं. काकाजींनी कुणी सांगायच्या आत चपला काढून भिंतीशी नीट जोडीने लावल्या. दुकानदार हसतमुख, गोरा, अंगाने भरलेला, हिंदी-मराठी एकत्र बोलणारा. त्याने कुठल्या ऑफिससाठी पाहिजे म्हणून विचारलं, बाबांनी खापरखेड्याच्या विहारासाठी म्हणून सांगितलं. मग त्याने आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. तो “अच्छा” म्हणाला. त्या एका शब्दात मी लहानपणापासून ऐकत आलेलं सगळं होतं आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. वागायला मात्र तो माणूस शेवटपर्यंत चांगलाच वागला, हेही सांगायला पाहिजे.

त्याने दाखवायला ठेवलेली मशीन सुरू केली. की-बोर्ड पिवळट पडला होता, मधली काही अक्षरं बोटांनी झिजून पुसट झाली होती. मी माझी फ्लॉपी घातली, आणि ती चालली. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटी तो छोटा चौकोन लुकलुकत उभा राहिला. दुकानदाराने भुवया उंचावल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला आपण काहीतरी शिकलो आहोत असं वाटलं. तो म्हणाला, “ही कोणती सिस्टीम आणली मॅडम? काही गरज नाही हिची. कंपनीचीच टाकून देतो मी. फ्री.”

काकाजी पुढे सरकले. त्यांनी विचारलं, “कंपनीनं देली काय?”

“नाही हो काकाजी, कॉपी करून देतो. सगळे तेच करतात.”

“मंजे कंपनीची हाय, अन् कंपनीले इचारलं नाही.”

दुकानदार हसला. “आता अमेरिकेतून कोण पाहायला येऊन राहिलं?”

“पाह्याले कोनी येत नाही,” काकाजी म्हणाले, “म्हणून तं इचारून राहिलो.”

मग ते माझ्याकडे वळले आणि माझ्या फ्लॉपीत जे आहे ते ज्याचं आहे त्याने स्वतःहून दिलेलं आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तर मग हीच, असं ते म्हणाले. पंचशीलातलं दुसरं शील, न दिलेलं घ्यायचं नाही, ते आम्ही विहारात लहानपणापासून म्हणत आलो होतो. पाढ्यांसारखं म्हणत आलो होतो, मी तर नक्कीच. ते सीताबर्डीच्या दुकानात, काउंटरवर कोपर टेकून कुणी वापरायला काढेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी काकाजींचा अभिमान वाटला नाही. मला त्यांची लाज वाटली. दुकानदार ओठ दाबून हसत होता आणि मला तिथून एकदाचं निघायचं होतं.

पण निघणं इतकं सोपं नव्हतं. दुकानदार म्हणाला, हाच पीस घेऊन जा, दाखवायला ठेवलेला आहे म्हणून भाव कमी करून देतो. काकाजींनी त्या पिवळ्या की-बोर्डकडे पाहिलं. किती लोकांनी हात लावला असेल याला, असं विचारलं. खूप, रोज कुणी ना कुणी, असं दुकानदार भोळेपणाने म्हणाला.

“मंग नवी द्या,” काकाजी म्हणाले. “सीलबंद. उतरलेलं आमी घेत नाही.”

बाबांनीही मान हलवली. दुकानदाराला तो शब्द कळला नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळला नसला तरी मला पुरता कळला होता. आमच्या आज्यांनी मालकिणींची उतरलेली लुगडी नेसून जन्म काढले, तीही वरून टाकलेली, हातात दिलेली नव्हेत. आजोबांनी दुसऱ्यांच्या पोरांचे उतरलेले शर्ट घातले, उतरलेल्या वहाणा घातल्या, उरलेलं अन्न खाल्लं. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि ते सगळं सुटलं. आमच्या घरात फाटकं चालायचं, ठिगळाचं चालायचं, दुसऱ्याच्या अंगावरचं चालायचं नाही. मावसबहिणीचा फ्रॉकसुद्धा आईने मला कधी घालू दिला नाही.

मला तेव्हा बोलायला हवं होतं की काकाजी, हे कपड्यांसारखं नाही, जी चालून दाखवली तीच न्यायला पाहिजे, सरांनी बजावलं आहे. एवढं साधं वाक्य होतं. पण ते बोलले असते तर काकाजींनी दोन शब्द जास्त सांगितले असते, उतरलेलं म्हणजे काय, आम्ही का घेत नाही, आणि ते त्या हसऱ्या माणसापुढे, काचेच्या त्या दुकानात. ते मला नको होतं. म्हणून मी मूग गिळले. दुकानदाराने आतून सीलबंद खोकं आणलं. सील विहारातच फोडायचं असं काकाजींनी सांगितलं, तेव्हाही मी गप्पच. निघताना दुकानदाराने एक फ्लॉपी हळूच माझ्या हातात दिली आणि अडलं तर लागेल म्हणाला. मी ती पर्समध्ये टाकली.

पौर्णिमेच्या दुपारी अभ्यासिकेत खोकं उघडलं. नवी मशीन पांढरीशुभ्र होती, तिच्या नव्या प्लास्टिकचा वास सगळ्या खोलीभर पसरला. बाबा बाहेर विहारात सतरंज्या घालत होते. मी माझी फ्लॉपी घातली. एक ओळ आली आणि मशीन तिथेच थांबली. बंद केली, पुन्हा लावली. तीच ओळ. फ्लॉपी फुंकून पाहिली, तारा काढून घातल्या, ज्याच्या त्याच्या मनातल्या मनात विनवण्या केल्या. काही नाही. मग मी दाराकडे पाहून पर्समधली दुकानदाराची फ्लॉपी काढली आणि घातली. मशीन टूं करून वाजली आणि झटक्यात सुरू झाली. तो आवाज बाबांनी बाहेर ऐकला. “चालू झाली गा,” असं ते कुणाला तरी ओरडून सांगत गेले आणि पंधरा मिनिटांत ती बातमी सगळ्या कॉलनीत फिरली.

संध्याकाळी विहार गच्च भरला. दोन्ही तसबिरींसमोर मेणबत्त्या लागल्या. मशीन पुढे टेबलावर आणून ठेवली होती, तिच्यावर पांढरा रुमाल. त्या तीन मुली पहिल्याच रांगेत, आपापल्या वडिलांसोबत. वंदना झाली, पंचशील झालं. दुसरं शील मी म्हटलंच नाही. पर्स मांडीवर होती आणि दोन्ही फ्लॉप्या तिच्यात एकमेकींना चिकटून होत्या. शेजारी बसलेल्या आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं म्हणायला लागली.

काकाजींनी मला बोलावलं. मी उठले. दुकानदाराची फ्लॉपी लावली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. ती मी लावली नाही, पण त्याचं श्रेय मला नको. काकाजी टेबलापाशीच उभे होते, ते सगळ्यांसमोर मला विचारणार होते की ही देलेलीच ना, आणि मला त्यांच्या डोळ्यांत पाहून हो म्हणता आलं नसतं, एवढंच. मी रुमाल काढला आणि म्हटलं की आपली सिस्टीम या मशीनवर चालत नाही.

कुजबुज सुरू झाली. दुपारी तर वाजली होती, असं कुणीतरी म्हणालं. त्या मुलींपैकी एकीच्या वडिलांनी बसल्या जागेवरून विचारलं की दुकानात चालली होती म्हणता, मग इथं काहून नाही चालत, शिकली ना तू? माझ्या मनात जे काही महिनोनमहिने साठलं होतं, टाचा, लाइट, ते फूल, तो “अच्छा”, ते सगळं एकदम वर आलं. माझा स्वभाव मुळात तापट. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“दुकानात वापरलेलीवर चालली होती,” मी म्हटलं. “तुम्हालाच सीलबंद पाहिजे होती. उतरलेली घेतली असती तर चालली असती.”

तो शब्द मी मुद्दाम वापरला. वापरलेली म्हणून झालं होतं, तेवढं पुरेसं होतं. तरी मी उतरलेली म्हटलं, विहारात, सगळ्या म्हाताऱ्या माणसांसमोर.  मागे बायांमध्ये एक म्हातारी होती, तिने पदर तोंडावर घेतला. बाबा खाली सतरंजीकडे पाहत होते. काकाजी तसेच ताठ उभे होते, फक्त त्यांचा हात टेबलाच्या कडेवर आला. मग ते म्हणाले की खीर निवून राहिली, वाटायला घ्या. लोकांनी खीर खाल्ली. बाया येऊन मला म्हणत होत्या की होते वं, होते असं, आणि त्यांच्या प्रत्येक शब्दागणिक मी आणखी खाली जात होते.

घरी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. आईने चुलीपाशी बसून, माझ्याकडे न पाहता मला एक गोष्ट सांगितली. दीक्षेच्या वेळी काकाजी जवान होते. त्यांच्याकडे एकच शर्ट होता आणि तो ज्यांच्या घरी त्यांचे वडील राबत होते, त्यांच्या पोराच्या अंगावरून उतरलेला होता. आदल्या दिवशी त्यांनी तो काढला आणि नदीत सोडून दिला. दुसरा नव्हता. शेजाऱ्यांनी आपला देऊ केला, तोही त्यांनी घेतला नाही. कोऱ्या पांढऱ्या कापडाचा एक तुकडा उघड्या खांद्यावर घेऊन ते नागपूरला चालत गेले. “तवापासून त्याईनं कोनाच्या घरची खाटही वापरली नाही,” आई म्हणाली. “अन् तू त्याईले थो शब्द आयकवला.” मी जेवले नाही. आईने आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काकाजी उभे. तेच पांढरे कपडे, हातात घडी घातलेली चादर. मला वाटलं, बाबांशी बोलायला आले. ते मला म्हणाले, “चाल, दुकानात जाऊ. तुही फ्लॉपी घे.” नवी मशीन खोक्यात परत भरून त्यांनी आधीच कुणाच्या तरी जीपमध्ये ठेवली होती. वाटेत मी माफी मागायचा प्रयत्न केला. दोनदा तोंड उघडलं. ते बाहेर कोराडीच्या रस्त्याकडे पाहत होते.

दुकानात त्यांनी चपला भिंतीशी जोडीने लावल्या. दुकानदार पुन्हा हसतमुख. काकाजींनी खोकं समोर ठेवलं आणि दाखवायला ठेवलेल्या मशीनकडे हात करून म्हणाले, “हे वापस घ्या. थे द्या.”

दुकानदार म्हणाला, “पण काकाजी, तुम्हाला तर नवीनच पाहिजे होती.”

“हो,” काकाजी म्हणाले. “आता थे पायजे.” मग माझ्याकडे वळून, “पहिले लावून पाह्य.”

मी लावली. चालली. मला वर पाहवत नव्हतं. भाव कमी होतो म्हणून दुकानदार फरक परत करायला निघाला, तो काकाजींनी समितीच्या नावाने मुकाट्याने खिशात ठेवला. पर्समधली दुसरी फ्लॉपी मी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती उचलून बाजूला टाकली, जणू काही झालंच नाही. त्या मशीनला खोकं नव्हतं. काकाजींनी आणलेली चादर अंथरली, मशीन तिच्यात बांधली आणि गाठ मारली.

जीप परत गेली होती, म्हणून आम्ही एसटीने निघालो. काकाजींनी ते ओझं मांडीवर घेतलं होतं, चादरीतून की-बोर्डचा पिवळा कोपरा बाहेर आलेला. कंडक्टर ओळखीचा निघाला. “नवीन टीव्ही का, काकाजी?” असं त्याने विचारलं. मी घाईघाईने हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

“कॉम्प्युटर होय,” काकाजी म्हणाले. “वापरलेला.”

अर्ध्या बसने मागे वळून पाहिलं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि खापरखेड्याच्या चिमण्या दिसेपर्यंत वळले नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा सगळ्यांना विहारात बोलावलं. मशीन सुरू व्हायच्या आधी ते स्वतः उभे राहून म्हणाले की ही वापरलेली आहे, मी आणली, कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला, पोरीला नाही.  मी फ्लॉपी घातली, ओळी वर गेल्या, चौकोन लुकलुकायला लागला. त्या तीन मुलींना त्यांनी नावाने पुढे बोलावलं आणि त्यांच्या वडिलांकडे इतका वेळ पाहत राहिले, की जूनमध्ये तिघीही माझ्यासोबत धरमपेठेच्या बसमध्ये होत्या, मी क्लासमध्ये सरांच्या हाताखाली शिकवायला लागले होते आणि त्या शिकायला.

अभ्यासिका चालू झाली. त्या मशीनवर आमच्या कॉलनीतली कितीतरी मुलं शिकली, आणि त्या सिस्टीमच्या आतल्या ओळी वाचून त्यांनी तिच्यात भलतेसलते उद्योगही केले. काकाजी रोज दिवेलागणीला येऊन भिंतीपाशी बसायचे, हात मागे बांधून. मुलांनी काही करून दाखवलं की वाकून पाहायचे, खूश व्हायचे. मी रोज म्हणायची की काकाजी, एकदा तुमचं नाव टाइप करून पाहा, ते हसून टाळायचे. म्हातारा माणूस यंत्राला घाबरतो, अशी मी समजूत करून घेतली होती. मी हे आयुष्यभर टर्बाइन खोलून जोडणाऱ्या माणसाबद्दल म्हणत होते.

एका संध्याकाळी मी हट्टालाच पेटले. मुलंही ओरडायला लागली. मी खुर्ची ओढली, त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि मशीनसमोर आणलं. त्यांनी त्या पुसट अक्षरांकडे पाहिलं. मग मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते मला म्हणाले, “तुमच्यासाठी आणली वं मी थे. माह्या हाताले नको सांगू.”

मी त्यांचा हात सोडला. इतके महिने मी त्यांना रोज, सगळ्या मुलांसमोर, हसत हसत तेच करायला सांगत होते.